एमसीआयमध्ये चेहरे ओळखताना नेमके काय अडते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ७२ वर्षांच्या वडिलांना सौम्य बोधनिक क्षीणता, म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट किंवा एमसीआय, असल्याचे निदान झाले आहे. रोजचे व्यवहार ते स्वतः सांभाळतात. मात्र ओळखीची व्यक्ती समोरून आली तरी ती बोलेपर्यंत त्यांना उमगत नाही, मालिकेतील सारख्या दिसणाऱ्या दोन पात्रांची ते गल्लत करतात, आणि घरातील कोणी नुसते शांत बसलेले असले तरी ‘रागावलास का?’ असे विचारतात. हा डोळ्यांचा दोष आहे, विसरण्याचा आहे, की पुढच्या आजाराची सुरुवात आहे, आणि घरच्यांनी काय करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणून अशा व्यक्तींच्या चाचण्या घेताना मला वारंवार जाणवलेली गोष्ट आधी सांगते. ‘चेहरा ओळखता येत नाही’ ही तक्रार ऐकायला एक वाटली तरी तिच्यामागे चार-पाच वेगवेगळे बिघाड असू शकतात, आणि त्यांतला कोणता आहे यावर तिचा अर्थ आणि उपाय दोन्ही ठरतात. आपण सांगितलेल्या तीन गोष्टीही बहुधा एकाच ठिकाणाहून आलेल्या नाहीत. म्हणून ‘विसरतात’ हा शब्द काही काळ बाजूला ठेवून ओळख नेमकी कोणत्या पायरीवर अडते ते पाहावे लागते.

एमसीआयविषयी येथे आवश्यक तेवढेच सांगते. वयाच्या मानाने अपेक्षित असते त्याहून अधिक बोधनिक, म्हणजे स्मरण, लक्ष, आकलन अशा क्षमतांतली, घट आहे, ती चाचण्यांत दिसते, पण व्यक्ती आपले दैनंदिन जीवन मोठ्या आधाराशिवाय चालवू शकते, अशा अवस्थेला हे नाव दिले जाते. मेयो क्लिनिकमधील रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेले निकष मुख्यतः स्मरणशक्तीभोवती होते. पुढे ही व्याख्या विस्तारली आणि स्मृतिप्रधान व स्मृतीव्यतिरिक्त इतर क्षमतांत घट असलेला, असे प्रकार मानले जाऊ लागले. हा विस्तार आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण दृश्य आकलनातील घट स्मृतीच्या घटीसोबत किंवा क्वचित तिच्याशिवायही असू शकते. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६० ते ६४ या वयोगटात सुमारे ६.७ टक्के, तर ८० ते ८४ या वयोगटात सुमारे २५.२ टक्के लोकांमध्ये एमसीआय आढळतो. एमसीआय असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी दोन वर्षांत सुमारे १४.९ टक्के व्यक्तींना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाल्याचे त्याच सूचनांत नोंदले आहे. याचा अर्थ, एवढ्या काळात बहुसंख्य व्यक्ती त्या टप्प्यावर पोहोचलेल्या नसतात, आणि काहींच्या चाचण्या तर पुन्हा सर्वसामान्य पातळीवर येतात.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ओळखीचा माणूस दिसल्यापासून त्याचे नाव ओठांवर येईपर्यंत मेंदूत काय घडते, याची मांडणी विकी ब्रूस आणि अँड्र्यू यंग यांनी १९८६ मध्ये केली, आणि तपशिलांत बदल होऊनही आजवर चिकित्सक तिचाच आधार घेतात. आधी डोळ्यांना चेहरा पुरेसा स्पष्ट दिसावा लागतो. मग डोळे, नाक, ओठ यांच्या सुट्या आकारांपेक्षा त्यांची एकमेकांशी असलेली मांडणी एकसंधपणे टिपली जाते. त्यानंतर ‘हा पाहिलेला चेहरा आहे’ अशी परिचयाची खूण पटते. त्यापुढे ही व्यक्ती कोण, तिचा आपला संबंध काय, ती काय करते, ही माहिती जागी होते. नाव येते सगळ्यांत शेवटी, आणि निरोगी माणसांतही अडते ते बहुधा तिथेच. माणूस कोण हे पूर्ण ठाऊक असताना नाव न आठवणे हा अनुभव सर्वांना आहे. याच्या उलट, म्हणजे केवळ चेहरा पाहून नाव आठवले पण माणूस कोण हे काहीच आठवले नाही, असे सहसा घडत नाही. पायऱ्यांचा क्रम यावरून लक्षात येतो. चेहऱ्यावरील भाव वाचण्याचे काम मात्र या साखळीपासून बऱ्याच अंशी वेगळ्या वाटेने चालते. म्हणून एखाद्याला माणूस अचूक ओळखता येतो पण त्याचा भाव समजत नाही, किंवा याच्या उलटही होते.

या पायऱ्यांपैकी एकसंध आकलनाच्या पायरीवर मी थोडी अधिक थांबते, कारण घरच्यांच्या नजरेतून हीच सर्वाधिक सुटते. चेहरा उलटा धरला की ओळखणे एकदम कठीण होते, आणि ही अडचण इतर वस्तूंपेक्षा चेहऱ्यांच्या बाबतीत कितीतरी मोठी असते, हे रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवले. उलट्या चेहऱ्यात नाक-डोळे तेच असतात, फक्त मांडणी एका नजरेत टिपण्याची सवय तेथे उपयोगी पडत नाही आणि भाग एकेक करून तपासावे लागतात. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मेंदूच्या तळाशी, फ्युझिफॉर्म गायरस या वळीत, चेहरे पाहताना विशेष सक्रिय होणारा एक भाग दाखवला. तो बहुतेकांमध्ये उजव्या बाजूला अधिक ठळक असतो. मेंदूच्या विद्युत आलेखात चेहरा दिसल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी एक ठराविक लहर उमटते, म्हणजे चेहऱ्याची पहिली जुळणी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत झालेली असते. इतक्या वेगाने आणि प्रयत्नाविना होणारे काम किंचित मंदावले, तर त्या माणसाला स्वतःला काही हरवल्याचे कळत नाही. ‘आजकाल सगळे सारखेच दिसतात’ किंवा ‘त्याने केस कापले म्हणून ओळखला नाही’ एवढेच तो सांगतो. तो सबब सांगत नसतो. मांडणी नीट टिपली जात नसेल तर केस, चष्मा, मिशा अशा सुट्या खुणांवर भिस्त ठेवावी लागते, आणि त्या बदलल्या की ओळख निसटते.

एमसीआयमध्ये या पायरीवर खरोखर परिणाम होतो का? मिळालेली उत्तरे सावधपणे वाचावी लागतात. मॉन्ट्रियलमधील स्वेन जुबेर यांच्या गटाने २०१६ मध्ये अल्झायमर आजार असलेल्या व्यक्तींची निरोगी ज्येष्ठांशी तुलना केली. उलटे चेहरे आणि मोटारी ओळखताना रुग्णांचा वेग कमी पडला, पण खरी तूट दिसली ती सुलट चेहऱ्यांत, म्हणजे नेमकी जेथे एकसंध आकलन लागते तेथे. हा अभ्यास अल्झायमरचा होता, एमसीआयचा नव्हे. स्मृतिप्रधान एमसीआयमध्येही चेहऱ्यांच्या आकलनात उणिवा असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने नोंदले. त्याआधी, २००६ मध्ये, अरुण बोकडे आणि सहकाऱ्यांनी एमसीआय असलेल्या व्यक्तींना चेहरे जुळवण्याचे काम देऊन मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा त्यांची उत्तरे निरोगी व्यक्तींइतकीच बरोबर होती, मात्र फ्युझिफॉर्म भागाचा मेंदूच्या इतर भागांशी असलेला समन्वय वेगळा दिसला. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. निवांत खोलीत, भरपूर वेळ देऊन घेतलेल्या चाचणीत गुण उत्तम येतात आणि तीच व्यक्ती गर्दीच्या समारंभात गोंधळते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. तेच काम पार पाडण्यासाठी मेंदूला वेगळी जुळवाजुळव करावी लागत असेल, तर परिस्थिती कठीण होताच तूट उघडी पडणे स्वाभाविक आहे.

याच्याशी जोडलेला आणखी एक धागा आहे. अल्झायमर आजारात टाऊ या प्रथिनाचे विकृत गुंते मेंदूत कोणत्या क्रमाने पसरतात, हे हाइको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये वर्णिले. सुरुवात टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानाजवळील मेंदूखंडाच्या, आतल्या बाजूस, हिप्पोकॅम्पस या स्मृतीसाठी महत्त्वाच्या भागाच्या शेजारच्या पट्ट्यात होते, आणि तेथून पुढे ते त्याच लोबच्या तळाकडे, फ्युझिफॉर्मच्या दिशेने सरकतात. या सुरुवातीच्या पट्ट्यातील पेरिरायनल कॉर्टेक्स हा भाग केवळ आठवणी साठवत नाही. अनेक बाबतींत सारख्या असलेल्या दोन गोष्टींतला फरक धरून ठेवणे हेही त्याचे काम आहे. रेचेल न्यूसम, ऑड्री दुआर्ते आणि मॉर्गन बॅरेन्स यांनी २०१२ मध्ये दाखवले की एमसीआय असलेल्या व्यक्ती एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनोळखी आकृत्या सलग पाहताना चुकत होत्या, पण मध्ये मध्ये अगदी वेगळ्या वस्तूंची चित्रे आणून दृश्य गोंधळ कमी केल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. त्या आकृत्या चेहरे नव्हत्या, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा चेहऱ्यांना लावता येणार नाही. तरीही मालिकेतील साधारण एकाच वयाच्या, एकाच धाटणीच्या दोन पात्रांत वडिलांचा गोंधळ का होतो, याची सर्वांत पटण्याजोगी वाट मला येथे दिसते. चेहऱ्यांत जितके साम्य अधिक आणि ते जितक्या वेगाने एकामागून एक येतील, तितका ताण याच भागावर पडतो. मालिकेची कथा लक्षात न राहणे हे वेगळे कारणही त्यात मिसळलेले असू शकते. ते तपासण्यासाठी, त्यांना कथा सांगता येते पण पात्रे अदलाबदल होतात, की कथाच निसटते, हे विचारून पाहावे.

भाव वाचण्याविषयी. एमसीआयमध्ये आनंदी चेहरा ओळखणे बहुधा शाबूत राहते, तर राग, दुःख, भीती यांसारखे नकारात्मक भाव ओळखण्यात चुका वाढतात, आणि एकापेक्षा अधिक क्षमतांत घट असलेल्यांमध्ये हे अधिक दिसते, असा अभ्यासांचा कल आहे. वाढत्या वयात निरोगी माणसांतही नकारात्मक भाव ओळखणे काहीसे अवघड होते, हे येथे विसरून चालणार नाही. शांत चेहरा रागीट वाटण्यामागे आणखी एक कारण मी नेहमी तपासते आणि ते म्हणजे खिन्नता. आपण चुकतो आहोत, लोक आपल्यावर वैतागले आहेत, असे ज्याला मनातून वाटत असते, त्याला निर्विकार चेहऱ्यावरही नाराजी दिसते. एमसीआयमध्ये नैराश्य आणि चिंता वारंवार आढळतात, आणि त्यांवर उपचार करता येतात. कमी ऐकू येणे हेही असेच एक कारण. बोलण्यातला सूर नीट पोहोचला नाही की भाव ठरवण्याचा सगळा भार चेहऱ्यावर येतो.

तरीही पहिली तपासणी डोळ्यांचीच असावी, आणि ती केवळ चष्म्याच्या नंबरापुरती नसावी. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश असतो. मोतीबिंदूमुळे छटांमधला भेद पुसट होतो, आणि चेहरा ओळखण्यासाठी आवश्यक असलेल्या छटा मुळातच सौम्य असतात. गालाची वळणे, डोळ्यांखालची सावली, ओठांच्या कडा यांना ठळक रेषा नसतात. म्हणून फलकावरची काळी अक्षरे व्यवस्थित वाचणाऱ्या व्यक्तीलाही चेहरा धूसर दिसू शकतो. मॅक्युलर डीजनरेशनमध्ये नजरेचा मधला भाग बिघडतो आणि ज्याच्याकडे पाहावे नेमका तोच चेहरा पुसला जातो. त्यामुळे नेत्रतज्ज्ञांना ‘चेहरे ओळखता येत नाहीत’ हे मुद्दाम सांगून छटाभेदाची संवेदनशीलता आणि दृष्टिपटलाचा मध्यभाग तपासण्याची विनंती करावी. डोळ्यांतील दोष सापडला म्हणजे मेंदूचा प्रश्न नाही असे ठरत नाही. दोन्ही एकत्र असतात तेव्हा अडचण अधिक जाणवते, आणि त्यांतला एक भाग सुधारता येण्याजोगा असेल तर तो आधी सुधारावा.

आता घरी काय पाहावे ते सांगते. येथे परीक्षा घ्यायची नाही. जे घडते ते फक्त नीट टिपायचे आहे. समोरची व्यक्ती ओळखू आली नाही, पण तिने दोन शब्द बोलताच ‘अरे, तुम्ही!’ असे म्हणून वडिलांनी पुढचे सगळे बरोबर सांगितले, तर त्या व्यक्तीविषयीची माहिती मेंदूत सुरक्षित आहे आणि अडचण चेहऱ्याच्या वाटेवर, म्हणजे डोळ्यांत किंवा आकलनात आहे, असे मानण्यास आधार मिळतो. आपण केलेल्या वर्णनात नेमके हेच आहे, आणि ते तुलनेने दिलासा देणारे आहे. व्यक्ती ओळखीची आहे, कोण आहे हेही ठाऊक आहे, पण नाव सुचत नाही आणि पहिले अक्षर सांगताच येते, असे असेल तर अडचण शेवटच्या पायरीवर आहे. ही सर्वांत सामान्य, आणि एकटी असेल तर सर्वांत कमी चिंतेची. गेल्या काही महिन्यांत भेटलेली नवी माणसे पुन्हा पुन्हा अनोळखी वाटतात पण जुनी सगळी ओळखतात, तर नवे चेहरे साठवण्यात अडचण आहे आणि ती स्मृतिप्रधान एमसीआयशी जुळते. चेहरा, आवाज, नाव हे सगळे देऊनही ती व्यक्ती कोण हे जागे होत नसेल, तर व्यक्तींविषयीचे ज्ञानच झिजत आहे का, हे पाहावे लागते. ते एमसीआयचे नेहमीचे चित्र नाही.

जागा आणि संदर्भ यांचीही नोंद ठेवावी. नेहमीच्या ठिकाणी नेहमीचा माणूस ओळखला जातो आणि तोच अनपेक्षित ठिकाणी भेटला की ओळखला जात नाही, हे निरोगी माणसांतही घडते. संध्याकाळी, अंधुक उजेडात, थकव्यानंतर अडचण वाढते का, दिवसादिवसांत मोठा चढउतार होतो का, हे लिहून ठेवल्यास डॉक्टरांना फार उपयोग होतो.

काही लक्षणे मात्र थांबून राहण्यासारखी नसतात. चेहरे ओळखण्याची क्षमता अचानक, काही तासांत किंवा एका दिवसात गेली, तर तो पक्षाघात असू शकतो आणि त्या वेळी थेट रुग्णालयात जावे. जोडीदाराला किंवा मुलांना आवाज ऐकूनही न ओळखणे, आरशातील स्वतःचे प्रतिबिंब परक्याचे वाटणे, या गोष्टी सौम्य अवस्थेच्या पलीकडच्या आहेत. ‘ही दिसते माझ्या बायकोसारखी, पण ही ती नव्हे, कोणीतरी सोंग घेतले आहे’ अशी ठाम समजूत होणे याला कॅपग्रास भ्रम म्हणतात. जोसेफ कॅपग्रास आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२३ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात चेहरा ओळखला जातो, पण ओळखीसोबत येणारी आपलेपणाची जाणीव उमटत नाही, असे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. अशा व्यक्तीशी वाद घालून काही साधत नाही आणि तिला लवकर तज्ज्ञांकडे न्यावे लागते. पडद्याच्या नक्षीत किंवा झाडाच्या पानांत चेहरे दिसणे, नसलेली माणसे खोलीत दिसणे, झोपेत हातपाय झाडणे किंवा ओरडणे आणि सावधपणात मोठे चढउतार होणे, ही लक्षणे एकत्र आली तर लुई बॉडी आजाराचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका वेगळ्या प्रकाराचा, विचार करावा लागतो. त्यात काही मानसिक आजारांवरील औषधे गंभीर त्रास देऊ शकतात, म्हणून हे वेळेवर ओळखणे अत्यावश्यक आहे. चेहऱ्यांबरोबरच वाचताना ओळ चुकणे, समोरची वस्तू न सापडणे, पायऱ्यांचा अंदाज चुकणे असे घडत असेल आणि स्मरणशक्ती तुलनेने चांगली असेल, तर मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होणाऱ्या पोस्टेरिअर कॉर्टिकल अॅट्रॉफीची शक्यता तपासतात. फ्रँक बेन्सन यांनी १९८८ मध्ये तिचे वर्णन केले, आणि ती बहुधा पन्नाशी-साठीतच सुरू होते.

तज्ज्ञांकडे गेल्यावर कोणती चाचणी होईल, हे आपण विचारलेले नाही, पण एक गोष्ट सांगणे मला गरजेचे वाटते. मोका किंवा एमएमएसई यांसारख्या नेहमीच्या छोट्या चाचण्यांत चेहरे ओळखण्याची पायरी तपासलीच जात नाही. त्यामुळे त्या चाचणीतील गुण ठीक आले म्हणून वडिलांची तक्रार खोटी ठरत नाही. चेहरे जुळवण्याची बेंटन चाचणी जुनी आणि सर्वत्र वापरली जाणारी आहे, परंतु तीत भुवया किंवा केसांची कडा यांसारखे सुटे भाग सावकाश ताडून पाहूनही बरोबर उत्तरापर्यंत पोहोचता येते. म्हणून मी गुणांइतकेच लक्ष लागलेल्या वेळेकडे आणि उत्तराच्या पद्धतीकडे देते. व्यक्ती बोटाने एकेक भाग दाखवत, पुटपुटत तुलना करत असेल तर गुण पूर्ण मिळूनही आकलन सहज राहिलेले नाही, हे दिसते. नव्या चेहऱ्यांची स्मृती, चेहरा व नाव यांची जोडी, परिचित व्यक्तींविषयीचे ज्ञान आणि भावांची ओळख या चार गोष्टी स्वतंत्रपणे तपासण्याची विनंती आपण अवश्य करावी. पूर्वीपासूनच, म्हणजे तरुणपणापासून, चेहरे लक्षात ठेवण्यात वडील कच्चे होते का, हेही सांगावे. सुमारे दोन टक्के लोकांमध्ये ही अडचण जन्मापासून असते, आणि अशा व्यक्तीची आजची कामगिरी तिच्या कालच्या क्षमतेशी ताडून पाहावी लागते.

उपायांत सर्वांत परिणामकारक ठरलेली गोष्ट अगदी साधी आहे. येणाऱ्याने आधी बोलावे. ‘नमस्कार, मी अमुक, तुमच्या जुन्या कार्यालयातला’ असे नाव आणि नाते एकत्र सांगितले की आवाज, नाव व संदर्भ या तीन वाटा एकदम उघडतात आणि चेहऱ्यावरचा भार उतरतो. घरच्यांनी ही प्रथा स्वतःपासून सुरू करावी आणि जवळच्या परिचितांना वडिलांच्या संमतीने तसे सांगावे. ‘ओळखलंत का मला?’ हा प्रश्न मात्र कटाक्षाने टाळावा. चुकीचे उत्तर दिल्याचा संकोच एकदा बसला की व्यक्ती माणसांत जाणेच कमी करते, आणि माणसांत मिसळणे कमी होणे हे एमसीआयमध्ये परवडणारे नाही. लोकांना ते मुद्दाम दुर्लक्ष करतात असे वाटत असेल, तर खरे कारण मोकळेपणाने सांगण्यात वडिलांचा मानच राखला जातो.

बसण्याची जागा अशी निवडावी की प्रकाश बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडेल. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या व्यक्तीचा चेहरा काळवंडतो आणि भाव तर मुळीच दिसत नाहीत. एका वेळी थोडी माणसे, मागे चालू असलेला दूरचित्रवाणी संच बंद, आणि भेटण्यापूर्वी कोण कोण येणार आहे त्यांची छायाचित्रे नावासकट पाहून घेणे, यांचा चांगला उपयोग होतो. भावांच्या बाबतीत घरच्यांनी शब्दांचा आधार द्यावा. ‘मी रागावलेलो नाही, दमलो आहे’ असे सहज सांगितले की अंदाज बांधण्याची वेळच येत नाही.

नवी नावे-चेहरे शिकण्यासाठी सरावाची पद्धत महत्त्वाची आहे. आठवून पाहा, चुकला, पुन्हा सांगा, अशा सरावात चूकच पक्की होण्याचा धोका असतो. त्याऐवजी सुरुवातीला उत्तर पुरवून, चूक होऊ न देता शिकवण्याची रीत लिंडा क्लेअर आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये चेहरा-नाव जोड्यांसाठी वापरून दाखवली. तिला अंतर वाढवत नेणाऱ्या उजळणीची जोड द्यावी. नाव सांगितल्यावर लगेच, मग अर्ध्या मिनिटाने, मग दोन मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी विचारावे, आणि अडल्यास उत्तर सांगून आधीच्या लहान अंतरावर परत यावे. बेंजामिन हॅम्पस्टेड यांच्या गटाने एमसीआयमध्ये आणखी एक रीत तपासली. तीत चेहऱ्यातील एक ठळक वैशिष्ट्य निवडून ते नावातील ध्वनीशी एखाद्या मनःचित्राने जोडले जाते. त्यातून शिकलेल्या जोड्या चांगल्या लक्षात राहिल्या. परंतु प्रत्यक्ष जीवनातील अनोळखी माणसांपर्यंत हा लाभ आपोआप पोहोचेल असे मी कोणाला सांगत नाही. म्हणून वडिलांना ज्यांची खरोखर गरज आहे अशी चार-पाच माणसे निवडावीत आणि तेवढ्यांवरच वेळ द्यावा. सुटी वैशिष्ट्ये निवडताना केस व चष्मा टाळून कपाळाची ठेवण, तीळ, हनुवटी अशा न बदलणाऱ्या खुणा घ्याव्यात.

औषधांविषयी अपेक्षा मर्यादित ठेवावी. अल्झायमरसाठी दिली जाणारी डोनेपेझिलच्या गटातील औषधे एमसीआयमध्ये उपयुक्त ठरल्याचा पुरावा नाही. लेकानेमॅब (अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता) आणि डोनानेमॅब (२०२४) ही अमायलॉइडविरोधी औषधे मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचा साठा सिद्ध झालेल्या निवडक व्यक्तींसाठी आहेत. ती घट मंदावतात, गेलेली क्षमता परत आणत नाहीत, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळे वारंवार एमआरआय करावे लागतात. याउलट, चालू औषधे तपासून घेतल्याने काही वेळा लगेच फरक पडतो. अॅलर्जी, झोप आणि लघवीच्या तक्रारींसाठीची काही औषधे अॅसिटिलकोलिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या कामात अडथळा आणतात आणि लक्ष व स्मृती दोन्ही मंदावतात. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचे विकार, झोपेतील श्वासरोध हेही तपासलेले असावेत. आठवड्यातून दोनदा नियमित व्यायाम करण्याची शिफारस वर उल्लेखलेल्या २०१८ च्या सूचनांत आहे, आणि तिचे पालन मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

सुरक्षिततेविषयी एक गोष्ट. ज्यांना चेहरा ओळखता येत नाही त्यांना संकोच टाळण्यासाठी ओळख असल्याचे भासवण्याची सवय लागते, आणि लबाड माणसे याचा फायदा घेतात. ‘काका, विसरलात का मला?’ म्हणत दारात आलेल्या व्यक्तीला वडील आत घेऊ शकतात किंवा पैसे देऊ शकतात. ओळख पटेपर्यंत दार न उघडणे आणि पैशांच्या बाबतीत आधी घरच्या एका ठराविक व्यक्तीला फोन करणे, हे दोन नियम त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने ठरवावेत.

आपल्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की वडिलांमध्ये चेहऱ्याच्या आकलनाची वाट मंदावली आहे, व्यक्तींविषयीचे ज्ञान टिकून आहे, आणि भावांबाबतच्या गैरसमजात मनःस्थितीचा व ऐकण्याचा वाटा असू शकतो. हा अंदाज प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही. नेत्रतपासणी आणि श्रवणचाचणी येत्या काही आठवड्यांत करून घ्यावी, त्यानंतर सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल मूल्यमापन करावे, आणि ते सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा व्हावे, कारण एका मोजणीतून दिशा कळत नाही. त्या भेटीला जाताना घरी ठेवलेल्या नोंदी, चष्म्याचा नवा नंबर आणि सर्व चालू औषधांची यादी सोबत न्यावी.